आपली मुलं गणिताच्या ऑलिंपियाडला बसतात तेव्हा

(मिशनच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये, मोखाडा तालुक्यातील आपल्या वसतिगृहात रविवारचा गणित वर्ग चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला सांगण्यात आलं की बाई, वीस मिनिटं बोला आणि आकडे फार सांगू नका, लोक कंटाळतात. गणिताच्या शिक्षिकेला ही अट जरा जड आहे. वीस मिनिटांची पाळीन, आकड्यांची पाळली जाईलच असं नाही.

गेल्या वर्षी याच मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एका देणगीदारांनी मला विचारलं होतं, "बाई, आपल्या मुलांचा दहावीचा गणिताचा पेपर सुटता सुटत नाही, आणि तुम्ही ऑलिंपियाड काय घेऊन बसलात? त्या खर्चात वह्या आल्या असत्या." ते आज इथे आहेत. प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, म्हणून तो मी वर्षभर डोक्यात ठेवला. आज जे बोलणार आहे ते बरंचसं त्यांच्याशीच आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही.

आधी ही परीक्षा काय आहे ते थोडक्यात सांगते. गणिताचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सुरू झालं. आपला देश त्यात १९८९ पासून भाग घेतो आणि १९९६ साली ते आपल्याकडे मुंबईतच भरलं होतं. प्रत्येक देशाची सहा मुलं जातात. आपल्याकडे ती सहा निवडण्याचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. तिथपर्यंत पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, ही परीक्षा गणित शिक्षकांची अखिल भारतीय संघटना होमी भाभा केंद्राबरोबर घेते. त्यातून निवडलेली मुलं विभागीय ऑलिंपियाडला बसतात, तिथून राष्ट्रीय, तिथून शिबिर, आणि मग सहा. मुलींसाठी युरोपात वेगळं ऑलिंपियाड होतं, त्यालाही भारताचा मुलींचा संघ २०१५ पासून जातो. आपण बोलतोय ते पहिल्या पायरीबद्दल. वरच्या पायऱ्यांचं स्वप्न मी मुलांना दाखवलेलं नाही, तुम्हालाही दाखवणार नाही.

पहिल्या पायरीचा पेपर तीन तासांचा. ३० प्रश्न, १०० गुण. दहा प्रश्न दोन-दोन गुणांचे, दहा तीन-तीनचे आणि दहा पाच-पाचचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ यांमधला एक पूर्णांक. पर्याय दिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने गोल काळा करण्यात अर्थ नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत. रीत कुणी विचारत नाही, उत्तर तेवढं बरोबर हवं. ऐकायला सोपं वाटतं. पण यातला दोन गुणांचा प्रश्नसुद्धा आपल्या पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणसंग्रहासारखा नसतो. आधी काय शोधायचं तेच शोधावं लागतं.

हे सगळं सुरू झालं ते लाडवांवरून. आपल्या बचत गटाच्या बायका नागलीचे लाडू करतात. मी एका रविवारी मुलांना विचारलं, समजा ५ लाडवांची पुडी आहे आणि ८ लाडवांची पुडी आहे. पुडी फोडायची नाही. गिऱ्हाइकाने १३ मागितले तर देता येतील, ५ आणि ८. १२ मागितले तर नाही जमत. तर नाही जमत असा सगळ्यात मोठा आकडा कोणता? मला वाटलं होतं, मुलं पाच मिनिटांत कंटाळतील. जेवणाची घंटा झाली तरी चौघं-पाचजणं उठली नाहीत. मावशी दोनदा ओरडून गेल्या. नववीतली एक मुलगी ओसरीवर खडूने आकडे लिहीत होती, ती म्हणाली, "बाई, २७." मी म्हटलं, बरोबर, पण तू २७ वर थांबलीस का? ५० पर्यंत पाहिलंस का? ती म्हणाली, "कशाला पाहायचं? २८, २९, ३०, ३१, ३२ जमतात. लागोपाठ पाच जमले. आता पुढचा कुठलाही आकडा म्हणजे यांतल्याच एकात ५ च्या पुड्या टाकत जायच्या."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. इतकी नेटकी सिद्धता माझ्या वर्गात फार थोड्यांदा कुणी दिली असेल. आणि या मुलीला सहामाहीत गणितात शंभरपैकी ४१ होते. का, तर पायऱ्या लिहीत नाही म्हणून.

नाव घेत नाही. ती इथेच बसली आहे, आता जमिनीकडे बघत असेल.

तिथून रविवारचा वर्ग सुरू झाला. सक्ती नाही, सकाळी आठ ते अकरा. पहिली चूक मी इथेच केली. मी अधीक्षकांकडून गुणपत्रकं मागवली आणि वरच्या दहाजणांना बोलावलं. त्यांतले सात दोन रविवारांत गळले, कारण उत्तर लगेच सापडत नाही ही गोष्टच त्यांना अपमानाची वाटायची. टिकले ते दुसरेच. एकजण तर असा, की ज्याला शाळेने "अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा दिलेला. त्याला ७ चा शंभरावा घात केला तर शेवटचे दोन अंक कोणते, असं विचारलं. तो नुसता गुणत बसला: ०७, मग ४९, मग ३४३ म्हणजे ४३, मग २४०१ म्हणजे ०१. तिथे थांबला आणि हसायला लागला. म्हणाला, "बाई, चार पावलांत परत घरी आला. शंभराला चारने भाग जातो, म्हणजे शंभराव्यालाही घरीच." उत्तर ०१. हे ०१ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अर्ज. खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात गणित हा सोपा भाग आहे.

नोंदणी ऑनलाइन असते. मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, फोटो, ओळखपत्र, ईमेल, फोन, आणि केंद्र म्हणून नोंदलेली एखादी शाळा निवडायची. शुल्क काहीशे रुपये. शहरातल्या घरात हे चहा पिता पिता होतं. आपल्याकडे काय झालं ते ऐका. ईमेल कुणाकडेच नाही, म्हणून सगळ्यांचा माझा एकच टाकायचा की वेगवेगळे उघडायचे, इथून सुरुवात. फोन नंबर वडिलांचा म्हणावा तर त्यावर येणारा ओटीपी वीटभट्टीवर वाजतो आणि इथे आपण पडद्याकडे बघत बसतो. फोटो काढायला भिंतीला पांढरी चादर लावली. नेटवर्क वसतिगृहात येत नाही, पाण्याच्या टाकीच्या चढावर येतं. मी आणि अधीक्षक छत्री धरून तिथे उभे, आणि जुलैचा पाऊस, म्हणजे मोखाड्याचा पाऊस.

पण हे सगळं गमतीने सांगता येतं. जन्मतारखेचं तसं नाही.

आपल्या मुलांच्या दाखल्यावर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. वर्गात चाळीस मुलं असली तर पुष्कळांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, १ जून. शाळेत घालताना जन्माचा कागद नसतो, गुरुजी मुलाची उंची बघतात, दात बघतात आणि १ जून लिहितात. गुरुजींना दोष नाही, मूल शाळेत बसलं हे त्यांचे उपकार. मग आधार काढायला जातात, तिथे वर्ष अंदाजाने सांगितलं की १ जानेवारी पडते. म्हणजे एकाच मुलाच्या दोन जन्मतारखा, दोन्ही खोट्या, दोन्हींवर सरकारी शिक्का.

लाडवांचं उत्तर देणाऱ्या मुलीचं तेच होतं. शाळेच्या रजिस्टरात १ जून, आधारवर १ जानेवारी आणि वर्षातही एकाचा फरक. मी म्हटलं, आधी हे नीट करून घेऊ, उगाच कुणी आक्षेप घेतला तर पोरीला केंद्रावरून परत पाठवतील. तिच्या आईला विचारलं, जन्म कुठे झाला? भिवंडीकडच्या भट्टीवर, झोपडीत. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीत नोंद नाही, तिकडेही नाही. एक वर्षापेक्षा उशिरा जन्माची नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, नोंद नसल्याचा दाखला. मी ते सगळं हौसेने मागे लागून करत बसले. तालुक्याला चार खेपा झाल्या. आणि नोंदणीची मुदत संपली.

नंतर एका जाणत्या शिक्षकांशी बोलताना कळलं, की दोन्ही तारखा वयाच्या अटीत बसत होत्या. ओळखपत्रावर जी तारीख आहे ती घालून अर्ज भरायचा, बस्स. जन्मदाखल्याचं काम नंतर सावकाश करता आलं असतं. मी कुणाला एक फोन करून विचारलं असतं तर मुलगी परीक्षेला बसली असती. नियमात नव्हती ती अट मी माझ्या भीतीने घातली. तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. "बरं" म्हणाली आणि पाणी भरायला गेली. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

२०२३ साली चारजण गेले. परीक्षा ३ सप्टेंबरला, रविवारी. जवळचं म्हणून नाशिकचं केंद्र घेतलं. पहाटेच्या गाडीने घाट चढून वेळेत पोहोचू याची खात्री पावसात कुणी देत नाही, म्हणून शनिवारीच निघालो. त्र्यंबकपर्यंत धुकं होतं, दोघांना गाडी लागली. नाशिकला आपल्या एका हितचिंतकांनी घर उघडून दिलं, त्या वहिनींनी मुलांना रात्री गरम वरण-भात वाढला आणि सकाळी डबे भरून दिले. त्या आज आल्या आहेत, त्यांना हात जोडते.

केंद्रावर पालकांची ही गर्दी. गाड्या, पाण्याच्या रंगीत बाटल्या, हातात जाडजूड पुस्तकं, शेवटच्या क्षणापर्यंत सूत्रं घोकणं चाललेलं. आमचे चौघं भिंतीला चिकटून उभे. एकाने विचारलं, "बाई, हे सगळे क्लासला जातात का?" मी म्हटलं, बरेचसे जात असतील. तो म्हणाला, "मग आपण का आलो?" मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, पेपर बघायला आलो. ते उत्तर बरं नव्हतं, पण त्या वेळी तेवढंच खरं होतं.

तीन तासांनी बाहेर आले तेव्हा वेगळाच गोंधळ. त्यांच्या हातातली प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत होती. मी म्हटलं होतं, हिंदी वाचा, देवनागरी आहे, कळेल. इथेही मी कमी पडले. आपली मुलं घरी वारली नाहीतर कोकणी बोलतात, म्हणजे डांगाकडची, गोव्याची नव्हे. मराठी ही त्यांची शाळेत शिकलेली भाषा, हिंदी त्यानंतरची. आणि गणिताची हिंदी तर आणखी निराळी. आपण मूळ संख्या म्हणतो, हिंदीत अभाज्य संख्या. आपली बाकी, त्यांचं शेषफल. सगळ्यात घातक शब्द म्हणजे वर्ग. आपल्याकडे संख्येला त्याच संख्येने गुणलं की वर्ग. हिंदीत तो अर्थ आहेच, पण आपल्या चौरसालाही ते वर्गच म्हणतात. आमचा एकजण वर्गाच्या भुजेवर अर्धा तास अडून बसला. त्याला चौरस हा शब्द मिळाला असता तर ते गणित त्याच्या हातचं होतं.

आणि ते ०१. उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तराला दोन रकाने असतात, दशकाचा आणि एककाचा. उत्तर ७ आलं तर ० आणि ७ असे दोन गोल काळे करायचे. हे मी फळ्यावर दाखवलं होतं. पण घरी आलेल्या त्या मुलाने, त्यानेच, एका प्रश्नाचं एक अंकी उत्तर बरोबर काढलं आणि दशकाचा रकाना मोकळा सोडला. बसमध्ये त्याच्या लक्षात आलं. "शून्य म्हणजे काहीच नाही, मग काय भरायचं?" असं तो मला विचारत होता. शून्याचा शोध ज्या देशात लागला वगैरे भाषणं आपण करतो, पण त्या पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. जागा राखणारं शून्य आणि काही नसणारं शून्य यांतला फरक मी त्याला कधी समजावलाच नव्हता. निकाल आला तेव्हा त्याचे ते गुण गेलेले होते.

चौघांचे गुण सांगते, लपवण्यासारखं काही नाही: १०, ७, ५ आणि २. कुणीही पुढच्या पायरीवर गेलं नाही.

मंगळवारी मी तोच पेपर जेवणघरात त्या राहिलेल्या मुलीपुढे ठेवला. शब्दांची मराठी करून दिली, घड्याळ लावलं. तिला १५ आले. त्या १५ चा कुठेही कागद नाही, माझ्या वहीत तेवढी नोंद आहे.

आता पंगतीतल्या प्रश्नाकडे येते. वह्या की ऑलिंपियाड? साहेब, तुमचं निम्मं मला पटतं. आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल तर त्याला ७ च्या शंभराव्या घाताशी काही देणंघेणं नाही. म्हणून संध्याकाळचा नेहमीचा वर्ग आधी, तो मी एकही दिवस चुकवलेला नाही. रविवारचा वर्ग त्यातून वेळ काढून नाही, माझ्या रविवारातून आहे. आणि खर्चाचं म्हणाल तर शुल्क, एसटीचं भाडं आणि वाटेतला वडापाव, एवढाच खर्च आहे, हिशोब कार्यालयात लावलेला आहे.

पण उरलेलं निम्मं पटत नाही. आपण या मुलांना नेहमी काठावर पास होण्यापुरतंच देतो. पस्तीसची सोय करतो. पुस्तकातली ठरावीक दहा गणितं पाठ करून घेतो, मीही घेतली आहेत, आणि मग म्हणतो की यांना गणित जमत नाही. लाडवांच्या पुड्यांपाशी अडीच तास उपाशी बसणारं मूल गणितात कच्चं आहे, असं मला कुणी सांगू नये. त्याला मिळालेलं गणित कच्चं होतं.

या तयारीचा एक उपयोग असा झाला की तो तुम्हाला रुपयांत सांगता येईल. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांची शिष्यवृत्ती परीक्षा असते, एनएमएमएस म्हणतात ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्यात बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न असतात, संख्यांच्या मालिका, आकृत्या, सांकेतिक भाषा. रविवारच्या वर्गातल्या एका मुलाने ती मिळवली, कारण न पाहिलेल्या प्रश्नाला तो घाबरला नाही. ही परीक्षा मराठीत देता येते, हे मुद्दाम सांगते. मात्र पालकांनो, एक लक्षात ठेवा. सरकारच्या निवासी शाळेत राहून शिकणाऱ्या मुलांना ती नाही. आपली मुलं अनुदानित शाळेत जातात, त्यांना आहे. त्या मुलाचा चुलतभाऊ शासकीय आश्रमशाळेत आहे, त्यालाही गणित चांगलं येतं आणि त्याला अर्जच भरता आला नाही. हा नियम का आहे ते समजतं, सरकार त्यांचं जेवणखाण करतं. पण बारावीपर्यंत शिकायला जेवणाखेरीजही पैसे लागतात, हे कुणीतरी वर सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, आम्ही शहाण्यासारखे वागलो. जूनमध्येच सगळ्यांचे दाखले आणि आधार समोरासमोर ठेवून वहीत दोन रकाने केले. जिथे फरक होता तिथे ओळखपत्राची तारीख. अर्ज नोंदणी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भरले. भिंतीवर तीन भाषांतले शब्द लावले, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि मुलांनी चौथा रकाना स्वतःहून काढून त्यांच्या बोलीतले शब्द लिहिले. उत्तरपत्रिकेचे कागद छापून आणले आणि दर रविवारी शून्य सात, शून्य सात, असा जपच केला.

पण २०२४ ची परीक्षा आली ८ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी! वसतिगृह रिकामं, मुलं गावी, गाड्या भरलेल्या. सातजणांचे अर्ज होते. मी मनात धरून होते, तीन आले तरी पुष्कळ. शनिवारी दुपारी बारापर्यंत स्टँडवर पाचजण आले. सहावा त्याच्या काकाच्या मोटरसायकलवरून भिजत आला. सातवी, म्हणजे आपली तीच, पाड्यावरून दहा किलोमीटर चालत आली. ओढ्याला पाणी होतं म्हणून वरून वळसा घेऊन. चपला हातात. मी ओरडले तिला, एवढ्या पावसात एकटी कशाला निघालीस म्हणून. ती म्हणाली, "मागच्या वेळी अर्ज राहिला. या वेळी मी राहिले असते."

तिला १७ गुण मिळाले. बाकीच्यांना ४ पासून १२ पर्यंत. याही वर्षी पुढच्या पायरीवर कुणी गेलं नाही. शून्य भरायला मात्र कुणीही विसरलं नाही. निकालाच्या दिवशी मी मुलांना विचारलं, पुढच्या वर्षी कोण बसणार? सातही हात वर गेले. मग तिने तिचा हळूच खाली घेतला.

आणि आज मी उभी राहिले ती यासाठी.

ती आता दहावीत आहे. पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा. ऑलिंपियाडला अकरावीची मुलं बसू शकतात, वयाची अडचण नाही. पण आपलं वसतिगृह दहावीपर्यंतच आहे. एप्रिलमध्ये तिची पेटी इथून हलेल. आईवडील दिवाळीनंतर भट्टीवर जातात, पावसाळ्यात परत येतात. पाड्यावरून कॉलेजला रोज जाऊन येण्यासारखी गाडी नाही. सरकारी वसतिगृहाला अर्ज करू, करणारच आहोत, पण यादी कधी लागते आणि तोपर्यंत मुलगी कुठे असते, हे आपण दरवर्षी बघतो. घरी लग्नाची बोलणी अजून नाहीत, असं तिची आई म्हणाली. "अजून" हा शब्द तिचाच. ती आई वाईट नाही, तीही इथे आली आहे, कामावरचा एक दिवस बुडवून.

तर विश्वस्तांना माझी विनंती, लेखी दिलेली आहे, आज तोंडी करते. अकरावी-बारावीच्या मुलींसाठी आपण चार जागा ठेवाव्यात. एकीसाठी नियम बदलू नका, चौघींसाठी बदला. दहावीत या वर्षी आपल्या नऊ मुली आहेत, म्हणजे चार जागाही कमीच आहेत, पण मी चारच मागते.

हितचिंतकांना दोन कामं आहेत, पैशांची नाहीत. जून महिन्यात दोन दिवस कुणीतरी इथे येऊन मुलांचे कागद तपासायला आणि अर्ज भरायला बसावं, स्वतःचा लॅपटॉप आणि चालणारं नेट घेऊन. टाकीच्या चढावर उभं राहायची तयारी ठेवावी. आणि नाशिकला परीक्षेच्या आदल्या रात्री या वर्षी अकराजणांची सोय लागेल. वहिनी, तुमच्याकडे अकरा मावणार नाहीत, म्हणून आणखी एक घर हवं आहे.

आणि साहेब, वह्या द्याच. चौकटीच्या द्या, आकृत्या काढायला बऱ्या पडतात.

जागेचं म्हणाल तर स्वयंपाकघरामागची जुनी धान्याची खोली तीन वर्षं रिकामी पडली आहे. एका बाजूची कौलं फुटली आहेत, दाराला कडी नाही. मी काल फूटपट्टी घेऊन मोजून आले. चार खाटा बसतात, आणि खिडकीखाली एक टेबल.